कृपया घासू नये

५ नोव्हेंबर

ती. मावशी,

साष्टांग नमस्कार घातला असं धरून चाल. प्रत्यक्ष वाकले तर उठवायला माणूस लागेल, आठवडाभर पाकिटं भरून कंबर गेली आहे.

तुझ्या इमारतीतल्या बाराही घरांनी आमची धुण्याची पावडर वापरून बघायचं ‘आपखुशीने’ कबूल केल्याचं कळलं. तू जिन्यात उभी राहून विचारल्यावर नाही म्हणायची कोणाची बिशाद आहे! सगळ्यांचे आभार मान, आणि काही धमक्या दिल्या असशील तर त्या मागे घे.

पार्सलमध्ये पांढरे नॅपकिन आहेत आणि लहान मुलं असलेल्या घरांसाठी लाळेरी. आठवडाभर ती बिनधास्त वापरा. तोंडं पुसा, सांडा, लवंडा. मग प्रत्येक नॅपकिन मधोमध कापायचा. एक अर्धा लाल पाकिटातल्या पावडरीने धुवायचा, दुसरा हिरव्या. एका पाकिटात आमचं एन्झाइम आहे, दुसऱ्यात नाही, बाकी पावडर तीच. कुठल्या रंगात काय ते मलाही ठाऊक नाही. ते लिहिलेला कागद साहेबांच्या कपाटात बंद आहे, म्हणजे मलाही लबाडी करायला वाव नको. धुतलेल्या अर्ध्यांच्या कोपऱ्यात त्या त्या रंगाचा दोरा घालून ते परत पाठवायचे. इथे आम्ही ते जोडून शिवतो आणि शेजारी शेजारी ठेवून बघतो.

आता नीट वाच. गार पाणी घ्यायचं, अर्धा तास भिजवायचं, खळबळून, पिळून सावलीत वाळत घालायचं. घासायचं नाही, उकळायचं नाही, उन्हात घालायचं नाही. पाकिटावर ठळक छापलंय, ‘कृपया घासू नये’. आणि लोकर किंवा रेशीम त्या पाण्यात घालूच नकोस. अंडं, दूध, रक्त यांच्या डागात प्रथिन असतं. एन्झाइम त्याचे बारीक तुकडे करतं आणि ते पाण्याबरोबर निघून जातात. लोकर आणि रेशीम हीसुद्धा प्रथिनंच. डाग कुठला आणि मफलर कुठला हे एन्झाइमला कळत नाही.

खालच्या मजल्यावरच्या आजींना सांग की पाकिटात जंतू नाहीत. जंतू इथे आमच्या टाकीत राहतात, एन्झाइम बनवतात, आम्ही ते गाळून घेऊन त्याचे दाणे करतो. जंतू घरी येणार नाहीत.

दोन अर्ध्यांत फरक दिसला तर आमची गार पाण्याची पावडर कारखान्यात जाईल. नाही दिसला तर माझे जंतू कायमचे फ्रीजरमध्ये आणि मी सुगंध विभागात. तिथे दिवसभर एकच काम, न निघालेल्या डागाला गुलाबाचा वास द्यायचा की लिंबाचा ते ठरवणं. आमच्या साहेबांना आम्ही शीतगृह म्हणतो, कारण त्यांच्याकडे गेलेली कल्पना नासत नाही, पण बाहेरही येत नाही. चार वर्षं मी या जंतूंची सेवा करतेय, आणि शीतगृह दार उघडून वाट बघतंय.

काकांना अंडी खाऊ दे. विज्ञानासाठी.

तुझी भाची


१६ नोव्हेंबर

चि. शास्त्रीणबाईंना अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार.

धडधाकट नॅपकिन मधोमध कापायला लावतेस, तुला काही वाटतं का? मी कात्री चालवत होते तेव्हा तुझे काका म्हणाले, “आता ताटंपण अर्धी करणार का?” मी म्हटलं, तुमचं पोट बघता ते वाईट नाही.

विज्ञानासाठी ते जीव तोडून खाताहेत. रोज सकाळी एक अर्धकच्चं अंडं, आणि ते असं की अंड्याशी कुस्तीच चाललीय. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनच सांगितली होती. “पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे,” असं तोंड वर करून सांगतात, आणि त्या तोंडाला बलक लागलेला असतो. दाढी करताना कापून घेतात ते रक्तही नॅपकिनलाच पुसतात. गॅरेजातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण अजून गल्लीतल्या सगळ्या स्कूटर यांच्याच पाहुण्या. माणूस निवृत्त झाला, ग्रीस नाही झालं.

तुझ्या सूचना बाराही जणींना जिन्यात वाचून दाखवल्या. ‘कृपया घासू नये’ला सगळ्या पोट धरून हसल्या. खालच्या आजी म्हणाल्या, “लेखक पुरुष असणार.”

बाकी पावडरीचं काय सांगू! सोबत पाठवलेत ते अर्धे बघ, धुतल्या तांदळासारखे. समोरची दुर्बीणबाई तुला आठवते ना? गल्लीतल्या सगळ्या दोऱ्यांवरचं जिला दिसतं आणि स्वतःच्या खिडकीवरची धूळ दिसत नाही, ती. तीसुद्धा ओरडून म्हणाली, “काय वापरता हो?” मी म्हटलं, “भाचीची पावडर.” दुसऱ्या पाकिटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. कुठलं पाकीट तुझं ते त्या कपाटात डोकावून मला गुपचूप कळव ना. म्हणजे परक्यावर उगाच मेहनत नको.

पत्र पार्सलात घालतेय कारण फोनवर तू नुसती “हो, जेवले” म्हणतेस आणि मागे कोणीतरी यंत्र फिरवत असतं. माझे हात जरा भेगाळलेत, थंडीचं व्हायचंच, मलम लावतेय.

आणि हे जंतू आणलेस कुठून, ते काही लिहिलं नाहीस. चांगल्या घरचे आहेत ना?

तुझी मावशी


३० नोव्हेंबर

ती. मावशी,

पार्सल मिळालं. अर्धे जोडून शिवले, दिव्याखाली धरले आणि साहेबांना बोलावलं. दोन्ही बाजू इतक्या पांढऱ्या, की शिवण कुठे आहे ते बोटाने चाचपावं लागलं. साहेब म्हणाले, “अभिनंदन. तुमचे जंतू असले काय नि नसले काय, काही अडत नाही. असे कर्मचारी माझ्याकडे आधीच बरेच आहेत.”

असंच चाललं तर सुगंध विभागातली माझी खुर्ची पुसून ठेवायला सांगते. दुसऱ्या आठवड्याच्या नॅपकिनांचं पार्सल अजून यायचं आहे तुझ्याकडून. बघू.

जंतूंचं घराणं विचारलंस. घराणं उत्तम आहे, काळजी नको. आम्हाला असा जीवाणू हवा होता, जो साबणा-सोड्याच्या पाण्यात आणि गारठ्यात सुखाने राहील. मी ठिकठिकाणची माती आणि गाळ आणून बघितला, एकही टिकेना. मग चार वर्षांपूर्वी तुझ्याकडे आले होते, तेव्हा तुझ्या मागच्या मोरीच्या तोंडाशी साचलेला थोडा गाळ बाटलीत भरून नेला. तीस वर्षं तिथून साबणाचं आणि सोड्याचं पाणी वाहतंय. त्यातला एक जगला, आणि असा जगला की बाकी सगळ्यांची भांडी आम्ही ओतून टाकली. तू माझ्यासाठी स्थळं बघून थकलीस, पण हा एक तुझ्या घरचाच निघाला.

तुझी भाची


७ डिसेंबर

भाचीला आशीर्वाद द्यायचे की नाही ते पत्राच्या शेवटी ठरवीन.

माझ्या मोरीत जंतू! जगात एवढी गटारं असताना तुला माझीच मोरी सापडली? रोज घासते मी ती. तीस वर्षं दुर्बीणबाई टपून बसलीय, तिला एक काडी सापडली नाही, आणि तू घरचं अन्न खाऊन बाटली भरून नेलीस. याला आमच्यात घरभेदी म्हणतात, तुमच्यात संशोधक म्हणत असतील.

हे इमारतीत कोणाला कळता कामा नये. तुझ्या काकांनी पत्र वाचलं आणि खुर्चीतून खाली येईपर्यंत हसले. त्यांना दम दिलाय, बोललात तर अंडी बंद.

तुझ्या साहेबांचं बोलणं मला कळलं नाही. दोन्ही पांढरे आले तर रडायचं काय त्यात? काही माणसांना पालखीत बसवलं तरी ती तक्रारच करणार. पण तू खुर्ची पुसून ठेवायचं लिहिलंस, ते मी चारदा वाचलं. काहीतरी कमी पडलेलं दिसतंय. तू काळजी करू नकोस. बाराही जणींना पुन्हा जिन्यात बोलावलं आणि परिस्थितीची कल्पना दिली. हे पार्सल असं आहे की उघडताना तुझ्या साहेबांना काळा चष्मा लावावा लागेल.

आशीर्वाद देते. मोरीसाठी नव्हे, खुर्चीसाठी.

तुझी मावशी


२१ डिसेंबर

मावशी,

काळा चष्मा लागला नाही. भिंग लागलं.

चहाचे डाग गेलेत. काकांचं ग्रीससुद्धा गेलंय. मावशी, आमचं एन्झाइम अंड्यातलं प्रथिन तोडतं. चहाकडे आणि ग्रीसकडे ते ढुंकूनही बघत नाही. मग ते गेले कसे? म्हणून भिंग घेतलं. धागे ब्रशने पिंजलेले दिसले, लाल अर्ध्याचे आणि हिरव्या अर्ध्याचेही. आणि तिसऱ्या मजल्यावरून आलेल्या लाळेऱ्यांवर नीळ. आमच्या कुठल्याच पाकिटात नीळ नाही. चोरी करावी, पण निदान खाली सही तरी करू नये.

म्हणजे जिन्यातल्या सभा यासाठी होत्या. बाराही घरांनी दोन्ही अर्धे घासले, उकळले, देव जाणे आणखी काय काय केलं, म्हणून दोन्ही सारखे पांढरे आले. फरक दिसला पाहिजे होता, मावशी. एक अर्धा स्वच्छ आणि दुसरा मळका यायला हवा होता. आता कागदावर असं सिद्ध झालंय की माझं एन्झाइम पाकिटात असलं काय नि नसलं काय. साहेब पुढच्या महिन्याच्या शेवटी काम बंद करायचं म्हणतायत. मागच्या पत्रात मीही आडवळणाने लिहिलं, तुला स्पष्ट विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तुझ्यावर शंका घ्यायची हिंमत या घराण्यात कोणाची झाली नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण तू हसली असतीस. आईच्या दवाखान्यातल्या रात्रपाळ्यांमुळे मी शाळेची आठ वर्षं तुझ्याकडे काढली. तेव्हा आमचं सगळं धुणं तू उकळत्या सोड्याच्या पाण्यात धुवायचीस. हिवाळ्यात तुझ्या बोटांना भेगा पडायच्या आणि माझ्या वेण्या घालताना त्यांत केस अडकायचे. मी ओरडायचे आणि तू म्हणायचीस, “केसच वाईट आहेत तुझे.” गार पाण्यात, न घासता डाग निघावा, एवढ्यासाठी मी हे काम धरलं. सगळ्या जगासमोर मी पाणी वाचेल, वीज वाचेल असं सांगते. खरं कारण तुझे हात आहेत.

आणि त्याच हातांनी तू ते बुडवलंस. वर मलम लावलंस. तू पहिल्या पत्रातच मलमाचं लिहिलं होतंस, तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

मी खूप रागावले आहे. हे पत्र जिन्यात वाचून दाखवू नकोस.

तुझी भाची


२८ डिसेंबर

पोरी,

जिन्यात नाही वाचलं. मोरीपाशी बसून वाचलं.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पण पहिल्या दिवशी मी तू सांगितलंस तसंच केलं होतं. गार पाण्यात अर्धा तास भिजवून काढलं, तर एका अर्ध्यावर काकांचं अंडं जसंच्या तसं. म्हटलं, हेच आपल्या पोरीचं पाकीट असलं तर? तिची चार वर्षं, आणि तिचं हसं माझ्या घरून व्हायचं? ब्रश हातात कधी आला ते कळलंच नाही. मग दुसऱ्या अर्ध्याला वेगळा न्याय कसा लावायचा? आपला तो बाब्या म्हणतात, पण बाब्या कोणता तेच तू सांगितलं नव्हतंस. म्हणून दोघांनाही न्हाऊ घातलं. बाकी अकराजणींना मीच शिकवलं. नीळही मीच वाटली. आजींनी विचारलं होतं, “पण छापलंय ना, घासू नये?” मी म्हटलं, “आजी, छापलेलं सगळं करायचं असतं का?”

फरक दिसत होता, बाई. पहिल्याच दिवशी, माझ्या डोळ्यांसमोर, तुला हवा होता तसा. आणि मी तो घासून काढला. मला फार वाईट वाटतंय.

वेण्यांचं मी विसरले होते. तू विसरली नाहीस. इथे अक्षर फुटलंय त्याचं काही मनाला लावून घेऊ नकोस, मोरीपाशी पाणी असतंच.

साहेबांना खरं काय ते सांग, आणि माझं नाव घाल. आणखी एकदा करू दे म्हणावं. ब्रश मी काकांच्या हवाली केलाय. त्यांनी तो कोणाच्या तरी स्कूटरचं चाक घासायला नेला, म्हणजे आता तो परत घेण्याच्या लायकीचा उरला नाही.

तुझी मावशी


९ जानेवारी

ती. मावशी,

साहेबांना सांगितलं. स्वतःच्या मावशीच्या इमारतीत चाचणी ठेवल्याबद्दल आधी मला बोलणी बसली. ती रास्त होती, ऐकून घेतली. मग तू नीळ वाटल्याचं सांगितलं आणि शीतगृह हसलं. शेजारच्या खोलीतून दोघं जण कामं टाकून ते दृश्य बघायला आले. साहेब म्हणाले, “ज्या बायका ग्रीस आणि चहा दोन्ही काढतात, त्यांनाच आपण टाकीत का ठेवत नाही?”

आणखी एक फेरी मिळाली आहे, शेवटची. नवी घरं शोधायला वेळ नाही, म्हणून तुमचीच बारा. पण एक अट आहे. या वेळी धुतलेले अर्धे लगेच पाठवायचे नाहीत, समोरच्या गॅलऱ्यांत वाळत घालायचे आणि दोन दिवस तिथेच राहू द्यायचे. आमचा माणूस न सांगता गल्लीत येऊन, रस्त्यावरून बघून जाईल.

याचा अर्थ तुझ्या लक्षात आलाय का? प्रत्येक दोरीवर एक अर्धा मळकाच लटकणार, दुर्बीणबाईच्या नाकासमोर, आणि दोन दिवस. तुझं धुणं म्हणजे त्या गल्लीत शेवटचा शब्द. ती तीस वर्षांची कमाई मी मागतेय, हे मला कळतं. नको वाटलं तर नाही म्हण, मी अजिबात रागावणार नाही. लिंबाचा वास मला तसा आवडतो.

तुझी भाची


२५ जानेवारी

चि. भाचीला आशीर्वाद.

लिंबाचा वास गेला खड्ड्यात. झालं सगळं. आता बसून सविस्तर ऐक.

अर्धा तास मी बादलीसमोर हात काखेत दाबून बसले होते. तुझे काका पहारा देत होते. कैद्यावर असतो तसा, फक्त पहारेकऱ्याच्या हातात अंडं होतं. मग बाराही घरांत फिरून आले. खालच्या आजी आयत्या वेळी फितूर व्हायला निघाल्या. “नुसतं बोटाने, एवढंसं?” म्हणाल्या. मी म्हटलं, “बोट लावाल तर याद राखा.” हे मी म्हटलं, जिने नीळ वाटली होती.

सकाळी दोऱ्या भरल्या. चारी मजल्यांवर तेच. एक अर्धा स्वच्छ, त्याला लागून दुसरा अंड्याचे, दुधाचे, रक्ताचे डाग मिरवत. चहा आणि ग्रीस दोघांवरही. चिमटे लावताना मी मान वर केली नाही. मला खरंच लाज वाटली, पोरी, खोटं कशाला सांगू. माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात पडावा तसं वाटत होतं.

चिमटा लावून होतो न होतो तोच समोरची खिडकी उघडली. “अहो, तब्येत बरी नाही का? धुणं अर्धंच झालंय!” गल्लीच्या टोकाला ऐकू जावं एवढ्या मायेने.

“तब्येत ठणठणीत आहे,” मी म्हटलं. “या खेपेला घासायचं नाही असं ठरलंय.”

“मग बाजूचे एवढे स्वच्छ कसे निघाले?”

आता इथे मी गप्प बसू शकले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर जी दया होती ना, ती बघून माझं डोकं फिरलं. “जंतूंनी काढले,” मी म्हटलं. “माझ्या मोरीतले आहेत. भाचीने वाढवलेत.”

खिडकी बंद झाली. मग परत उघडली. “मोरीतले? तुमच्या?”

“माझ्याच. तुमच्याकडेही शोधले होते, जगले नाहीत.”

हे शेवटचं खोटं आहे. पण शास्त्राने तेवढं चालवून घ्यावं.

तुझा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. घरनंबर शोधत असल्याचं नाटक करत वर बघत होता. काकांनी वरून हाक मारली, “अहो, अंड्याचे डाग बघायला आलात ना? वर या, चहा घ्या!” पळालाच बिचारा.

आता एक गुपित. उरलेल्या पावडरीत मी काकांचा तो मफलर भिजवला. घरात शिरायच्या आधी ज्याचा वास शिरतो, तोच. तुझ्या शास्त्रीय पद्धतीने मधोमध कापून अर्धा लाल पाण्यात, अर्धा हिरव्या, आणि तीन दिवस विसरून गेले. विसरले म्हणजे काय, ते तुला कळलं असेल. हिरव्यातला बाहेर आला तो वासासकट सुखरूप. लालमधला जरा ओढला तर हातात फाटून आला. लोकर म्हणजे प्रथिन, तूच लिहिलं होतंस. तेव्हा तुझ्या साहेबांच्या कपाटातल्या कागदावर काय आहे ते मला विचार. लाल तुझी. आणि नॅपकिनांचे स्वच्छ अर्धे सगळे लालचेच आहेत.

काका तीन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. घरात फार शांतता आहे, मफलर आधीच कापायला हवा होता.

तुझी मावशी


६ फेब्रुवारी

ती. मावशी,

कागद उघडला. लाल.

मफलरचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, त्यामुळे साहेब कागद उलगडत होते तेव्हा खोलीत न घाबरलेली मी एकटीच होते. त्यांनी शिवलेले नॅपकिन एकेक करून टेबलावर मांडले. अंडं, दूध, रक्त, सगळं लाल बाजूला साफ आणि हिरव्या बाजूला तसंच, बाराही घरांत. शिवण शोधायला बोट लागलं नाही. खोलीच्या दारातूनही दिसत होती.

पावडर कारखान्यात चालली आहे. साहेबांनी बराच वेळ बघून एकच प्रश्न विचारला, “चहा का जात नाही?” त्यांच्या भाषेत याला शाबासकी म्हणतात. ग्रीसही गेलेलं नाही. काकांना सांग, त्यांच्यासाठी वेगळा जंतू शोधावा लागेल, आणि तो बराच सोशिक असावा लागेल.

कारखान्यातल्या नव्या टाकीला नाव द्यायचं होतं. मी ‘मावशीची मोरी’ असं दिलं. पाटी लागली, आता खोडता येत नाही.

सोबत काकांसाठी नवा मफलर, सुती. त्यांचा शिवलेला नॅपकिनही पाठवतेय, तो मी साहेबांकडून मागून घेतला. तो धुवू नकोस.

मावशी, तू त्या दोरीवर काय टांगलंस ते मला ठाऊक आहे. ते मी कुठल्याच पत्रात फेडू शकणार नाही, म्हणून प्रयत्न करत नाही. हात कसे आहेत?

तुझी भाची


१५ फेब्रुवारी

चि. भाचीला आशीर्वाद, सगळेच, एकही मागे न ठेवता.

नॅपकिन समोरच्या गॅलरीत लावलाय, मळकी बाजू गल्लीकडे करून. येणाऱ्या-जाणाऱ्याला काका थांबवून समजावतात, कुठला डाग कोणत्या सकाळचा ते. दुर्बीणबाई काल विचारत होती, पावडर दुकानात कधी मिळणार. मी म्हटलं, बघते, ओळख आहे आमची. टाकीच्या पाटीबद्दल मी तुझ्याशी कधीही बोलणार नाही. इमारतीत सगळ्यांना सांगून झालंय, ते वेगळं.

काकांनी सुती मफलर गळ्यात घातला आणि म्हणाले, “याला वासच नाही.” देतील ते, हळूहळू.

हातांचं विचारलंस. शेवटच्या फेरीपासून घरचं धुणं उरलेल्या लाल पावडरीनेच करतेय, गार पाण्यात. सोड्याचा डबा मागे ढकललाय. चहाचे डाग राहतात, त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवलंय. सुरुवातीला फार अवघड गेलं. धुणं बादलीत भिजत पडलेलं आणि मी शेजारी नुसती उभी, हातांना काय सांगावं ते कळेना. आता सवय होतेय. अर्धा तास खुर्ची घेऊन बसते.

काल अशीच बसले होते तर खालच्या आजींची नात कंगवा घेऊन आली, वेणी घालून द्या म्हणाली. घातली, दोन्ही बाजूंना, घट्ट. शेवटपर्यंत एकही केस कुठे अडकला नाही. पोर एकदासुद्धा ओरडली नाही. मी रिबिनी बांधून झाल्यावरही जरा वेळ तिची वेणी हातात धरून बसले, तेव्हा म्हणाली, “झालं ना, आजी?”

तिचे केस चांगले असतील.

तुझी मावशी